देवगडात गाडी चालवायला शिकले त्याबद्दल

लायसन्स माझ्याकडे आधीपासून होतं, पुण्याचं, आणि गाडी पण रोज चालवायचे, सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून वगैरे, त्यामुळे बँकेने देवगडला बदली केली तेव्हा गाडीचं टेन्शन असं काही नव्हतं. माझं काम शेतीकर्जाचं. म्हणजे फायली तर आहेतच पण त्याहून जास्त प्रत्यक्ष जाऊन बागा बघणं, कलमं किती आहेत, मोहोर कसा आलाय, फवारणी झाली का, पंप खरंच बसवलाय का. देवगड तालुका म्हणजे नुसतं देवगड-जामसंडे नाही, पडेल, वाडा, शिरगाव, मिठबाव, मुणगे, हिंदळे असा पसरलेला, आणि बागा बहुतेक सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, नाहीतर उतरणीला, मेन रोड सोडून आत आत. हे आतले रस्ते एका वेळी एकच गाडी जाईल एवढे. दोन्ही बाजूला चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), किंवा एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली व्हाळ, म्हणजे ओढा. अशा रस्त्यावर समोरून एसटी आली की पुण्यात शिकलेलं फारसं कामाला येत नाही, कारण तिथे आपण मिळेल त्या फटीतून पुढे सरकायला शिकतो आणि इथे समोरच्याशी बोलल्याशिवाय गाडी हलतच नाही. बोलणं म्हणजे हाताने, लाइटने, हॉर्नने, मानेने. ते सगळं मी इथे आल्यावर शिकले आणि कसं शिकले ते जरा सविस्तर लिहितेय, कारण बदलीवर येणारे, मे महिन्यात फिरायला येणारे, गणपतीला स्वतःची गाडी घेऊन येणारे चाकरमानी, यांना कोणीतरी हे आधी सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शिकवलं ते आमच्या शाखेतल्या शिपाई काकांनी. तरुणपणी ते चिऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, इथून चिरे भरून फोंडाघाट चढायचा आणि राधानगरीवरून कोल्हापूर, निपाणीपर्यंत जायचं हे त्यांचं काम. मी सेकंडहँड वॅगनआर घेतली म्हटल्यावर स्वतःहून म्हणाले, मॅडम, सुरुवातीला मी बाजूला बसतो. आणि पहिल्या दिवशी त्यांनी ना गियरबद्दल काही सांगितलं ना क्लचबद्दल. फक्त रस्ता दाखवला. ही मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जातं तो छोटा पूल, हिच्या अलीकडे दोन गाड्या बसतात, पलीकडे बसत नाहीत. हे शाळेचं पटांगण. हे बागेचं बेडं, म्हणजे फाटक, आत सपाटी आहे, गाडी आत घातली तरी मालक काही बोलत नाही. हा फणस, याच्या बुंध्याशी चाक गेलं तरी जमीन घट्ट आहे. आणि ही साईडपट्टी, दिसायला चांगली रुंद, पण खाली भराव आहे, पावसाळ्यात यावर चाक घातलं की रुतलंच समजा. असं करत करत आम्ही मुख्य रस्त्यापासून एका वाडीपर्यंत गेलो आणि मग त्यांनी विचारलं, आता आपल्या मागे गाडी बसेल अशी शेवटची जागा कुठली? मला आठवावं लागलं. ते म्हणाले, हे सतत डोक्यात पाहिजे, पुढचा रस्ता डोळ्यांना दिसतोच, मागची जागा लक्षात ठेवायची असते.

मला वाटतं हे एवढं जरी बाहेरून येणाऱ्याने लक्षात ठेवलं तरी निम्मी भांडणं होणार नाहीत. कारण समोरासमोर गाड्या आल्या की प्रश्न एकच असतो, मागे कोणी घ्यायचं, आणि त्याचं उत्तर इथल्या लोकांचं ठरलेलं आहे. भरलेल्या गाडीला रिकाम्याने जागा द्यायची. मोठ्या गाडीला छोट्याने. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने. आणि हे सगळं सारखंच असेल तर ज्याच्या मागे जागा जवळ असेल त्याने मुकाट मागे घ्यायची, त्यात मान-अपमान काही नाही. यातलं चढणाऱ्याचं तर कायद्यात पण आहे, २०१७ चे जे केंद्राचे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आहेत त्यात आणि त्याआधीच्या १९८९ च्या नियमांत सुद्धा, घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यायचं असं स्पष्ट म्हटलंय. पण पुण्यात लायसन्स काढताना हे मी कुठेतरी वाचून सोडून दिलं होतं, या नियमामागचं कारण मला काकांनी सांगितलं तेव्हा समजलं. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की परत उठवताना सगळा भार क्लचवर येतो, गाडी मागे घरंगळते, क्लीनरला उडी मारून चाकाखाली दगड लावावा लागतो, क्लच प्लेट जळाल्याचा वास येतो. उतरणाऱ्याला काय, ब्रेक दाबला की झालं. काकांनी हे सगळं फोंडाघाटात स्वतः भोगलेलं, त्यामुळे घाटात खाली येताना समोरून लोडेड ट्रक दिसला की ते अजूनही बाजूला बसल्या बसल्या म्हणतात, थांबा थांबा, त्याला येऊ दे. आता मी पुण्याला जाता-येताना फोंडाघाटात किंवा करूळच्या घाटात हेच करते, आणि चढणारा ड्रायव्हर वर जाताना हात करतो तेव्हा खरंच बरं वाटतं.

मग रिव्हर्स. रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात आणि मग त्याच अरुंद रस्त्यावर. सीट थोडी वर घ्यायची, खांद्यावरून मागे वळून बघायचं, स्टेअरिंग अगदी थोडं थोडं फिरवायचं कारण मागे जाताना गाडीचं तोंड फार फिरतं, आणि डाव्या आरशात फक्त मागचं चाक आणि गडगा यांच्यातलं अंतर बघत राहायचं. चढावर रिव्हर्स घेणं सगळ्यात अवघड, तिथे हँडब्रेक लावून क्लच चावला की मगच हँडब्रेक सोडायचा. घाई अजिबात नाही करायची, काकांचं म्हणणं असं की समोरचा थांबलाय म्हणजे तो थांबायला तयार आहे, त्याला अर्धा मिनिट जास्त लागलं तरी चालतं, पण तुमचं चाक गटारात गेलं तर अख्ख्या रस्त्याचा तास जाईल. हे अगदी खरं आहे. पुण्यात मागून हॉर्न वाजला की आपले हात थरथरतात, इथे मागे घेताना मला कोणी हॉर्न मारलाय असं आठवत नाही.

पहिल्यांदा एसटी समोर आली ती संध्याकाळी, मुणग्याच्या बाजूला. वस्तीची गाडी होती, माणसांनी भरलेली. मी एक बाग बघून परत येत होते, काका नव्हते सोबत. वळणावर बघते तर समोर एसटी, माझ्या मागे एक बाईकवाला आणि त्याच्या मागे रिकामे क्रेट घेऊन चाललेला बोलेरो पिकअप. एसटी थांबली, ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवून हेडलाइट बंद केला, नुसता पार्किंग लाइट ठेवला. याचा अर्थ मी थांबलोय, तुमचं तुम्ही सावकाश करा. कंडक्टर खाली उतरला. माझ्याकडे न येता आधी तो मागच्या पिकअपकडे गेला, त्याला बोलला, पिकअप एका बेड्यात घुसला, बाईकवाल्याने न सांगताच बाईक गडग्याला चिकटवून उभी केली आणि तो स्वतः माझ्या मागच्या बाजूला येऊन उभा राहिला. मग कंडक्टर खिडकीशी आला आणि म्हणाला, "मॅडम घाबरू नकात, माझ्या हाताकडे बघा फक्त." मी काच खाली केली आणि त्याच्या हाताकडे बघत मागे घ्यायला लागले. येऊंदे, येऊंदे, थोडी डावी मारा, येऊंदे, बस. पत्र्यावर एक थाप. मग त्याने माझा उजवा आरसा स्वतःच्या हाताने मिटला, ड्रायव्हरला खूण केली आणि एसटी माझ्या दारापासून वीतभर अंतरावरून पुढे सरकली, एवढ्या जवळून की मला पत्र्यावरच्या लाल रंगाचे पोपडे दिसत होते. पत्र्यावर दोन थापा पडल्या, म्हणजे चला, एसटीच्या घंटीचा नियम तोच, एक म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे निघा. खिडकीतून एक म्हातारी आजी वाकून मला म्हणाली, "बरी घेतलंस गो गाडी." आणि ड्रायव्हरने स्टेअरिंगवरून तळवा उचलला. जाता जाता कंडक्टरने आरसा परत उघडून दिला. या सगळ्यात कोणी कोणाला दटावलं नाही, कोणाचा आवाज चढला नाही, प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं, आणि मी नवीन आहे हे त्यांना नंबर प्लेटवरून कळलेलं असणारच, एमएच बारा.

हात करण्याचं असं आहे की पहिले काही दिवस मला कळेचना लोक मला का हात करतायत. मी ओळखत नव्हते कोणाला. आमच्या घरमालकांच्या आई, त्यांना सगळे आजीच म्हणतात, त्या एकदा माझ्यासोबत दवाखान्यात यायला गाडीत बसल्या आणि रस्त्यात दोघांनी हात केला, मी तशीच पुढे गेले, तर त्या म्हणाल्या, "त्यांका हात दाखव गो, नायतर म्हणतले बँकेतली बाय गर्वाची आसा." तेव्हापासून मी करते. सगळ्यांना करते. ओळखीच्याला पूर्ण हात, अनोळखी पण रोज त्याच वेळी दिसणाऱ्याला स्टेअरिंगवरून नुसती चार बोटं, वयस्कर माणूस चालत असेल तर मान झुकवून, आणि साईड दिली की मात्र न चुकता, मग तो कोणीही असो. साईड घेऊन तसाच निघून गेलेला माणूस इथे लक्षात राहतो, संध्याकाळी त्याची गाडी कुठली याची चौकशी होते. यात लोकांना ओळख दाखवण्यापेक्षा जास्त काहीतरी आहे असं मला हळूहळू जाणवलं. समोरच्याने हात केला म्हणजे त्याने मला बघितलं. आंधळ्या वळणांच्या रस्त्यावर, जिथे पाऊस पडत असेल, वायपर नीट पुसत नसेल, तिथे त्याने मला बघितलंय हे कळणं हीच मोठी सुरक्षितता आहे.

हॉर्नचं पण तसंच. आंधळ्या वळणावर दोन लांब हॉर्न, आणि मग क्षणभर कान देऊन ऐकायचं, पलीकडून उत्तर आलं तर थांबायचं. हे ऐकण्यासाठी काच थोडी तरी खाली पाहिजे आणि गाणी मोठ्याने नकोत. साईड मिळाल्यावर एक अगदी छोटा, नुसता स्पर्श केल्यासारखा हॉर्न, तो आभाराचा. आणि एक गोष्ट मला काकांनी फार कडकपणे सांगितली, डोक्यावर गवताचा भारा किंवा लाकडं घेऊन कोणी चालत असेल तर मागून हॉर्न वाजवायचा नाही. डोक्यावर ओझं असलेली बाई एकदम वळून बघू शकत नाही, दचकली तर तोल जाईल. गाडी हळू करायची, ती स्वतः कडेला होईपर्यंत मागे राहायचं आणि मग लांबून वळसा घालून जायचं. पावसात शाळेची पोरं कडेने चालत असतील तर खड्ड्यातलं पाणी उडणार नाही एवढा वेग. बाहेरच्या गाड्या हे पाळत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण गणवेश एकच असतो बऱ्याच पोरांकडे आणि पावसाळ्यात तो वाळत नाही.

लाइटचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो हे नीट समजून घ्यायला हवं. हायवेला, म्हणजे नांदगाव तिठ्याला (तीन रस्ते मिळतात तिथे) मुंबई-गोवा हायवेला लागलात की समोरच्याने लाइट मारला तर त्याचा अर्थ मी येतोय, तू थांब. आतल्या रस्त्यावर रात्री थांबून लाइट कमी केला तर त्याचा अर्थ तू ये. एकाच लाइटवरून दोघांनी दोन अर्थ काढले तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून मी लाइटच्या जोडीला नेहमी गाडी पूर्ण थांबली आहे का ते बघते. चाक थांबलंय म्हणजे तो थांबलाय. ट्रकच्या इंडिकेटरचं तर मी अजिबात खरं मानत नाही, कोणी डावा देऊन ओव्हरटेक कर म्हणतो, कोणी उजवा देऊन तेच म्हणतो, आणि कोणी खरंच उजवीकडे वळणार असतो. एसटीचे जुने ड्रायव्हर उजवा हात बाहेर काढून मागून पुढे असा झुलवतात, म्हणजे रस्ता मोकळा आहे, जा. तो हाताचा इशारा नियमातला आहे, मोटार ट्रेनिंग स्कूलच्या भिंतीवरच्या तक्त्यात असायचा, आणि त्याच्यावर माझा विश्वास आहे, कारण हात बाहेर काढणारा माणूस समोरचं बघूनच काढतो. तरी स्वतःला पुढचं दिसत नसेल तर जायचं नाही, हे आहेच.

समोरून येणाऱ्याने तळवा खाली करून दोन-तीनदा दाबल्यासारखा केला तर हळू हो, पुढे काहीतरी आहे. पावसाळ्यात रात्री बहुतेक वेळा गुरं असतात, डांबरी रस्ता सुका असला की त्यावर येऊन बसतात आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पहिल्या पावसात लोक बॅटऱ्या घेऊन कुर्ल्या (खेकडे) पकडायला निघतात, तेव्हा पण असाच इशारा येतो, वळणावर चार-पाच बॅटऱ्या हलताना दिसल्या की पोरं रस्त्यात वाकलेली आहेत समजायचं. शिमग्यात पालखी, नाहीतर रस्त्यावर दोरी धरून शबय, म्हणजे शिमग्याचे पैसे मागणारी मुलं. मासळीचा टेम्पो पुढे असेल तर बाईकवाल्याला मागे राहा म्हणून हात करतात, बर्फाचं पाणी गळून रस्ता गुळगुळीत होतो. आणि वळणाआधी रस्त्यावर झाडाची तोडलेली फांदी पडलेली दिसली तर ती वाऱ्याने पडलेली नाही, पुढे कोणाची तरी गाडी बंद पडली आहे. ही पद्धत फार चांगली आहे पण याचं दुसरं टोक लोक विसरतात. गाडी दुरुस्त झाली की फांदी उचलायची राहते, चाकाला लावलेले दगड तर हमखास तिथेच राहतात आणि रात्री बाईकवाला त्यावर आपटतो. मी असे दगड दिसले की उतरून बाजूला टाकते, आणि मी टाकताना बघून एकदा मागचा रिक्षावाला पण उतरला होता. रस्त्यावर नारळाची झावळ पडली असेल तर पहिला येणारा ती ओढतो, ही तर इथे सांगावी लागणारी गोष्टच नाही.

गाडीत माणसं घेण्याचा विषय मी थोडा विचार करून ठरवला. इथे एसटी चुकली की पुढची कधी ते नक्की नसतं, "हात दाखवा, एसटी थांबवा" ही एसटीचीच योजना आहे, त्यामुळे हात दाखवायची लोकांना सवय आहे आणि ते तुमच्या गाडीला पण दाखवतात. मी एकटी बाई, अनोळखी मुलूख, तर मी नियम असा केला की बायका, शाळेची मुलं आणि म्हातारी माणसं यांना घ्यायचं, अंधार पडल्यावर फक्त बायकांना. याबद्दल कोणालाही काही वाटलं नाही, बाप्ये स्वतःच हात खाली घेतात मी असले की. आणि गाडीत बसलेल्या बाईकडून मला जेवढं कळलंय तेवढं फायलींमधून कधी कळलं नसतं, कुठल्या वाडीत यंदा तुडतुडा (मोहोरावरची कीड) जास्त आहे, कोणाची कलमं वाऱ्याने मोडली, विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच कोणाचं आटतं. उतरताना पैसे विचारतात, ते घ्यायचे नाहीत. आमसुलं दिली तर घ्यायची. औषधं, चष्मा, डबा, कोणाचा विसरलेला मोबाईल या गोष्टी पण गाडीने जातात, अमक्या तिठ्यावरच्या दुकानात द्या एवढं सांगितलं की बास, पुढचं दुकानदार बघतो. पण बंद खोकं असेल आणि देणारा ओळखीचा नसेल तर मी नाही घेत, हे स्पष्ट सांगते आणि लोकांना ते पटतं.

या सगळ्याचा खरा उपयोग काय ते मला एका पावसाळ्यात कळलं. जुलै होता, पाऊस धो धो, मेन रोडला झाड पडलेलं म्हणून सगळी वाहतूक आतल्या रस्त्याने वळली होती आणि तो रस्ता म्हणजे वर सांगितला तसाच, एका गाडीचा. आम्ही सात-आठ गाड्या एकामागे एक उभ्या, समोरून पण तेवढ्याच, सगळं अडकलेलं. आणि खालून १०८ चा सायरन ऐकू आला. ही १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि इथल्या गावांना तिचा केवढा आधार आहे हे शहरात राहून कळत नाही. कोणीतरी ओरडलं, ॲम्ब्युलन्स वर येतेय. पुढच्या काही मिनिटांत जे झालं ते मी कायम लक्षात ठेवेन. दोन बाईकवाले छत्री-बित्री टाकून धावत वर गेले, समोरच्या गाड्यांना एकेक करून मागे घ्यायला लावायला. आमच्या बाजूला पिकअपवाला ओरडून जागा वाटायला लागला, तू बेड्यात, तू मोरीवर, तू त्या खळ्यात घाल. एका घरातली बाई पावसात भिजत बाहेर आली आणि तिने स्वतःच्या अंगणाचं फाटक सताड उघडलं, दोन गाड्या तुळशीवृंदावनाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. एका रिक्षाला जागाच नव्हती तर चौघांनी मिळून ती उचलून गडग्याला तिरकी लावली. मला फणसाची ती जागा आठवली, अगदी पाठीमागेच होती, मी रिव्हर्स घेऊन बुंध्याशी चाक घातलं, काच खाली, इंजिन बंद. ॲम्ब्युलन्स माझ्या समोरून गेली तेव्हा आत बाईच्या कण्हण्याचा आवाज आला, बाळंतपणाची केस होती हे नंतर कळलं, आई आणि मुलगी दोघी नीट आहेत. ॲम्ब्युलन्सला जागा न दिल्यास दहा हजार दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीने आलाय, पण त्या दिवशी तिथे कोणाच्याही डोक्यात दंड नव्हता. आणि ॲम्ब्युलन्स गेल्यावर सुद्धा कोणी गाडी दामटली नाही, जो सगळ्यात शेवटी आत घुसला होता त्याने आधी बाहेर यायचं, मग त्याच्या मागचा, अशी क्रमाने रांग सुटली.

म्हणजे इथलं सगळंच चांगलं असं माझं म्हणणं नाही. पुढे पोलीस किंवा आरटीओ उभे आहेत म्हणून समोरच्याला लाइट मारून सावध करणं मी करत नाही आणि करणाऱ्यांना सांगते पण, ज्याला आपण वाचवतोय तो पिऊन चालवत असेल तर? ओळखीचा आहे म्हणून प्यायलेल्या माणसाच्या हातात किल्ली राहू देणं ही तर मैत्री नव्हेच. दोन गाड्या भर वळणावर खिडकीला खिडकी लावून गप्पा मारत उभ्या असतात, मागचे पण ओळखीचेच असल्यामुळे थांबतात, पण मागचा नेहमी ओळखीचा असेलच असं नाही, आता हायवे मोठा झाल्यापासून गाड्या वेगाने आत येतात. गप्पा मारायच्या तर मोरीवर मारा. याउलट आंब्याच्या सीझनला एक पद्धत बघितली ती मला फार आवडली. पेट्या भरलेले पिकअप संध्याकाळी निघतात, रात्रभर चालवून पहाटे वाशी मार्केटला पोचतात, ड्रायव्हर बरेचदा दिवसभर पेट्या भरून थकलेलाच असतो. एखादा पिकअप रस्त्यावर जरा जरी झुलताना दिसला तर मागचा पिकअपवाला हॉर्न मारून मारून त्याला थांबवतो, ओळख असो नसो, चहा पाजतो आणि थोडं झोप म्हणतो. काकांच्या मुलाला असंच कोणीतरी थांबवलं होतं, त्यामुळे त्यांच्या घरात या गोष्टीला फार महत्त्व आहे.

गणपतीला आणि मे महिन्यात बाहेरच्या गाड्या येतात तेव्हा सगळ्यात जास्त अडतं ते रिव्हर्सला. मोठी गाडी, नवीन, ओरखडा पडेल म्हणून मागे घेत नाहीत, आणि समोर एसटी भरलेली. इथले लोक तेव्हा पण शक्यतो भांडत नाहीत, स्वतः मागे घेतात, पण मनात ते राहतं. म्हणून येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, मॅप जवळचा रस्ता दाखवतो तो रुंद असतोच असं नाही, वाडीत शिरण्याआधी तिठ्यावरच्या दुकानात विचारा. निघण्याआधी घरासमोर थोडी रिव्हर्सची सवय करा. आरसे मिटायला तयार राहा, साईडपट्टीवर चाक घालण्याआधी कोणाला तरी विचारा, पावसात तर नक्कीच. आणि मागे घ्यायची वेळ आलीच तर एसी बंद करून चारी काचा खाली घ्या आणि गाडीतल्या एकाला उतरवा. नसेल कोणी सोबत तरी काच खाली घ्याच, कोणीतरी येऊन हात दाखवतं.